मनोर आणि मनोकर

मनोहरराव आगाशे यांनी मोठ्या सामन्यात गोल राखला तो आयुष्यात एकदाच, आणि तोही आठ मिनिटे. एकोणीसशे एकोणनव्वद साली ते जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनियर होते आणि बेडोक या उपनगरातल्या एका जुन्या फुटबॉल क्लबाचे तिसरे गोलरक्षक. त्या संध्याकाळी दुसरा गोलरक्षक तापाने आडवा झाला म्हणून यांना ऐनवेळी बोलावणे गेले. सामना संपत आला असता पहिल्याचा खांदा निखळला, आणि मनोहरराव मैदानात उतरले. हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांच्या मंडईतल्या, सकाळच्या कॉफीबरोबर ही हकीकत मी इतक्या वेळा ऐकली होती की ती मला मुखोद्गत झाली होती. त्यांच्या पत्नी आशालताबाई प्रत्येक वेळी म्हणत, "आठ मिनिटांचे राज्य, आणि पोवाडा पस्तीस वर्षांचा."

यंदा त्या हकीकतीला पुरावा लागला. क्लब आपल्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला एक छापील पुस्तिका काढत असे. तीत दोन्ही संघांची नावे, मागच्या सामन्याचा वृत्तांत आणि चार जाहिराती असत. आता ती बंद होऊन सारे फोनवर येणार होते. अखेरच्या पुस्तिकेत, क्लबासाठी जो जो मैदानात उतरला त्या प्रत्येकाचे नाव छापण्याचे ठरले. यादीचा मसुदा आला. मनोहररावांचे नाव त्यात नव्हते.

क्लबाचे चिटणीस हमीद हे सज्जन गृहस्थ. जुन्या नोंदी पुस्तिकांवरूनच उतरवलेल्या आहेत आणि त्या दिवशीच्या पुस्तिकेत राखीव गोलरक्षक म्हणून दुसऱ्याचे नाव आहे, असे त्यांनी नम्रपणे कळवले. शुक्रवारपर्यंत काही लेखी मिळाले तर ते आनंदाने नाव घालणार होते. मनोहररावांची स्वतःची प्रत घर बदलताना आशालताबाईंनी कारांग गुनीला, म्हणजे दारोदार फिरणाऱ्या रद्दीवाल्याला, देऊन टाकली होती. एरवी त्यांची थट्टा अखंड चाले. या एका गोष्टीवर मात्र त्या गप्प होत.

मी पुण्यात संस्कृत पोथ्यांच्या प्रती ताडून पाहण्याचे काम केले होते, हे मनोहररावांना ठाऊक होते. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, क्लबात जुन्या पुस्तिकांचे गठ्ठे आहेत म्हणे. तुम्ही पाहा. मला पाहवणार नाही."

गुरुवारी आम्ही तिघे क्लबाच्या कचेरीत गेलो. त्या सामन्याच्या तीन प्रती निघाल्या, तिन्ही वेगवेगळ्या प्रेक्षकांनी मागे कधी देऊन टाकलेल्या. पहिली कोरीच्या कोरी होती, जणू कालच छापलेली. हमीद यांचा विश्वास हिच्यावर. दुसरीत राखीव गोलरक्षकाच्या नावावर पेन्सिलीची रेघ होती आणि शेजारी इंग्रजी अक्षरांत 'मनोर' असे लिहिलेले. तिसरीत त्याच नावावर रेघ, आणि समासात तमिळ लिपीतला एक शब्द. पोथ्यांच्या निमित्ताने ती लिपी मी शिकलो होतो. मी अक्षरे एकेक करून वाचली: म, नो, क, र.

हमीद खेदाने म्हणाले की दोन प्रतींत दोन निराळी नावे आहेत आणि त्यांतले एकही मनोहर नाही. मनोहरराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी मात्र त्या दोन शब्दांवरून दृष्टी काढू शकलो नाही. त्या काळी ऐनवेळचे बदल ध्वनिक्षेपकावरून सांगत, आणि प्रेक्षक मांडीवरच्या पुस्तिकेत ते ऐकतील तसे लिहून घेत. कोणी त्यांना लिहायला सांगितले नव्हते. मी हमीद यांना म्हटले की दोघांनी एकच चूक केली असती तर एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले, अशी शंका मला आली असती. इथे एकाच्या कानातून 'ह' निसटला. दुसऱ्याने तो ऐकला; पण तमिळ लिहिणारा 'ह'च्या जागी बहुधा 'क'च लिहितो. परस्परांना न ओळखणारी दोन माणसे वेगवेगळ्या वाटांनी चुकली आहेत. त्या वाटा मागे चालत गेल्यास दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचतात.

हमीद यांनी हातातली कोरी प्रत खाली ठेवली. मग त्यांनी ते दोन शब्द स्वतःशी दोनदा उच्चारले, आणि तिसऱ्या वेळी त्यांच्या तोंडून "मनोहर" असे आले.

नावापुढे दोन्ही प्रतींत एक आकडा होता. आशालताबाईंनी चष्मा लावून तो वाचला.

"शहाऐंशी. म्हणजे शहाऐंशीव्या मिनिटाला उतरलात. अहो, चारच होतात की."

मनोहरराव वळले. "चार?"

"चार. निम्मी तुम्ही घरी केलीत." एवढे बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

अखेरच्या सामन्याला आम्ही गेलो तेव्हा पुस्तिका संपत आल्या होत्या. आशालताबाईंनी तरीही दोन मिळवल्या. यादीत नाव बरोबर छापले होते. मनोहररावांनी ते एकदाच वाचले, त्यावरून अंगठा फिरवला आणि पान उलटले.

सामना सुरू होण्याआधी ध्वनिक्षेपक खरखरला: संघात एक बदल. भोवतालच्या माना फोनवर झुकल्या. मनोहररावांनी खिशातून पेन्सिल काढली, छापील नावावर रेघ ओढली आणि शेजारी देवनागरीत लिहिले: इरफान. शेजारी आशालताबाईही पर्समधली पेन्सिल घेऊन लिहीत होत्या. त्यांनी लिहिले होते: इर्वान.

कोणाचे बरोबर, यावरून दोघांत हलकीशी चकमक झाली. मग मनोहररावांनी माझ्याकडे खोडरबर मागितले.

माझ्या खिशात ते होते. मी त्या दोन पुस्तिकांकडे पाहत राहिलो.

"राहू द्या," मी म्हणालो. "दोन्ही राहू द्या."