दोन बोटं काच

वहिनीनं हँडल फिरवून आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली घेतली, हीटर बंद केला आणि ती पहिला गिअर टाकणार, इतक्यात पलीकडचं दार उघडलं. आधी एक पर्स आत आली, मग एक पाय, मग "आई गं", आणि सरतेशेवटी वन्सं. गाडी जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होती. तिच्यात बसायचं म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच.

"मी येतेय," वन्सं म्हणाल्या.

"घाटात? तुम्ही?"

"का, मला बंदी आहे? चल लवकर, ढग बघ कसे उतरताहेत."

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची धाकटी बहीण आणि या वर्कशॉपची मालकीण. जुन्या स्पोर्ट्स कार इथे धापा टाकत येत आणि तरण्याताठ्या होऊन बाहेर पडत. वन्संचं राज्य काचेच्या केबिनमध्ये होतं. फोनवर गिऱ्हाइकांना गोड बोलून थोपवायचं आणि फोन ठेवला की मेकॅनिकांना फैलावर घ्यायचं, हे त्यांचं काम. वहिनी गाड्या चालवायची. तीस वर्षांपूर्वी ती सून म्हणून आली आणि तिचं नाव जे मागे पडलं ते पडलंच. पांढऱ्या मिशांचे मेकॅनिकसुद्धा तिला वहिनीच म्हणत. इतक्या वर्षांत वन्सं एकदाही घाटात आल्या नव्हत्या. वळणं दिसली की त्यांच्या पोटात ढवळायचं. आज त्या अशा अचानक येऊन बसल्यावर वहिनीच्या मनात पाल चुकचुकली.

सासऱ्यांनी या वर्कशॉपला दोन सवयी लावून दिल्या होत्या. पहिली, दुरुस्त झालेली गाडी ट्रकवर चढवून पाठवायची नाही. खिंड ओलांडून, पलीकडच्या शहरात, मालकाच्या दारात चालवत न्यायची. घाटानं पास केली तर ती दुरुस्त. दुसरी सवय काचेची. वर कितीही थंडी असो, काच दोन बोटं उघडी ठेवायची आणि रस्ता ऐकायचा. ओल्या रस्त्यावर टायर सतत सर्र करत असतात. पाणी गोठून त्याचा पातळ थर झाला, की तो डोळ्यांना दिसत नाही, ओला रस्ता आणि तो अगदी सारखेच दिसतात. पण आवाज एकदम बंद होतो. तो बंद झाला की ब्रेकला शिवायचं नाही, चाक वळवायचं नाही, पाय हळूच सैल करायचा आणि गाडीला तिच्या मार्गानं जाऊ द्यायचं. सासऱ्यांनी हे वहिनीला शेजारी बसवून शिकवलं होतं. पोटच्या मुलांपैकी कुणालाच ते जमलं नाही, याचा त्यांना शेवटपर्यंत वैताग होता आणि वहिनीला शेवटपर्यंत अभिमान.

आणि तीन महिन्यांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी तिच्यासमोर एक आलेख धरला होता. जाड आवाजांच्या डाव्या टोकाला रेघ सरळ होती, बारीक आवाजांच्या उजव्या टोकाला ती जिना उतरावा तशी खाली गेली होती. बोललेलं ऐकू येईल, डॉक्टर म्हणाले, इंजिन ऐकू येईल, पण बारीक आवाज गेले ते गेले. तीस वर्षं इंजिनांच्या कुशीत काढल्याचं फळ. वहिनीनं तो कागद घरी हातमोज्यांच्या खणात तळाशी सारला आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही, नवऱ्याकडेसुद्धा. त्यानंतर ती पाच वेळा घाट चढली होती. चार वेळा सगळं सुरळीत पार पडलं. पाचव्या वेळी, गेल्याच आठवड्यात, धबधब्याच्या वळणावर गाडी हातभर आडवी सरकली आणि कठड्यापाशी येऊन सावरली. त्या दिवसापासून तिला नीट झोप नव्हती. थांबायला हवं हे तिला कळत होतं. पण घाट सोडून आपण कोण, या प्रश्नाची तिला त्या कठड्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

पहिल्या चार वळणांवर ऊन होतं. पाठीमागे इंजिन खुशीत गुरगुरत होतं. वहिनीनं तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर असा आणला, की वन्संच्या मांडीवरची पर्ससुद्धा हलली नाही. हात चोख होते. पाय चोख होते. पाचव्या वळणाला उन्हातच पाऊस आला, आणि बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत ऊन कुठल्या कुठे पळालं.

वन्सं बोलत होत्या. निघाल्यापासून त्यांच्या तोंडाला खीळ नव्हती. स्वयंपाकघराच्या टाइल्स बदलायच्या होत्या, शेजारणीचं कुत्रं पळून गेलं होतं, डावा खांदा पुन्हा धरला होता. एरवी वहिनीनं हे सगळं मजेत ऐकलं असतं.

"वन्सं, जरा थांबता का? मला रस्ता ऐकायचाय."

"ऐक की. मी काय तुझे कान धरलेत?" वन्सं म्हणाल्या, आणि टाइल्सवर परत आल्या. "तर तो दुकानदार मला म्हणतो, बाई, पांढऱ्या घेऊ नका, पांढऱ्यावर..."

त्या थांबल्या. वाक्याच्या ऐन मध्यात. भ्यायल्या बहुतेक, असं वाटून वहिनीनं पाय सैल केला. त्याच क्षणी स्टिअरिंग हातात पोकळ झालं. चाक कशालाच धरून नव्हतं. तिनं श्वाससुद्धा जपून घेतला. गाडी नाकासमोर दहा-बारा हात गेली, मग स्टिअरिंगमध्ये वजन परत आलं.

"...पांढऱ्यावर डाग दिसतात म्हणे," वन्सं म्हणाल्या. "अरे, दिसायलाच हवेत ना. नाहीतर पुसणार काय?"

खिंडीच्या माथ्यावर दगडी चौकी होती. चौकीदार कानटोपी सावरत बाहेर आला. फाटक उघडंच आहे, म्हणाला, पण उतारावर धुकं आहे आणि मधेमधे गोठलंय. दोन मोठ्या गाड्या आत्ताच परत फिरल्या. तुमचं तुम्ही बघा.

वहिनीनं इंजिन बंद केलं. सांगायचं तर आत्ताच, हे तिला स्वच्छ दिसत होतं. एकटी असती तर वेगळी गोष्ट. शेजारी बसलेल्या बाईला असं अंधारात ठेवून खाली न्यायचं, हे तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. तिनं हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"वन्सं, मला एक..."

"चालू कर," वन्सं म्हणाल्या. त्या समोर बघत होत्या. पर्सचा बंद त्यांनी मुठीत घट्ट धरला होता आणि ओठांवरचा रंग पार उडाला होता. "कुत्र्याचं अजून निम्मंसुद्धा सांगून झालेलं नाही. आणि तुझ्या हातात मी निर्धास्त आहे. चालू कर."

मग उतार सुरू झाला. धुक्यात, बर्फात रस्त्याची कड कळावी म्हणून रोवलेले पिवळे खांब एकामागून एक वर येत होते आणि मागे पडत होते. वन्संच्या बाजूची काचही दोन बोटं खाली होती, हे वहिनीच्या आता लक्षात आलं. बाहेरचा गारवा त्यांच्या गालावर बसत होता आणि त्या कान काचेकडे करून, चौकीदारासारख्या ताठ बसून, कुत्र्याची कथा सांगत होत्या. कुत्रं मंडईत गेलं. कुत्रं कसायाच्या दुकानासमोर बसलं.

वन्सं थांबल्या. वहिनीचा पाय आपोआप वर आला. स्टिअरिंग पोकळ झालं, भरलं. कुत्रं उठलं.

धबधब्याच्या वळणापाशी त्या पुन्हा थांबल्या, गाडी सरळ असतानाच, वळणाच्या पुरते दोन खांब आधी. तेवढ्यात वहिनीनं वेग उतरवून घेतला आणि गेल्या आठवड्यात जिथे जीव टांगणीला लागला होता, तिथून गाडी तिच्या हाताखालून गुमान निघून गेली. भीती नव्हती ती, हे आता तिला उमगलं. वन्सं घाबरून गप्प होत नव्हत्या. टायरचा आवाज थांबला की त्या थांबत होत्या. तिनं मान वळवली नाही. पुढची सगळी वळणं तिनं इतकी सुरेख काढली, की सासरे बघत असते तर त्यांनासुद्धा खोट काढता आली नसती, आणि खोट काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

गाडीची मालकीण दंतवैद्य होती. ती दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच रस्त्यावर धावत आली, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि बॉनेटवरून हात फिरवत असल्या हवेत कशा आलात, असं विचारत राहिली. वन्संनी किल्ली तिच्या हातात दिली आणि कोपऱ्यावर जाऊन शांतपणे ओकून आल्या.

परतीच्या बसला अर्धा तास होता. दोघी बसस्टँडच्या कँटीनमध्ये कॉफी घेऊन बसल्या. वन्संचा रंग हळूहळू परत येत होता.

"कधीपासून माहितीय?" वहिनीनं विचारलं.

"सोमवारी हवेची नळी फुटली. शिट्टीसारखी वाजत होती. मी केबिनमधून ओरडत बाहेर आले, पेंटर कानात बोटं घालून पळाला, आणि तू तिच्याकडे पाठ करून नट पिळत होतीस." वन्संनी कपात फुंकर मारली. "मग घरी येऊन दादाला तुझे खण धुंडाळायला लावले. हातमोज्यांखाली तो कागद मिळाला."

म्हणजे नवऱ्यालाही माहीत होतं. चार दिवस त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं, फक्त रोज रात्री तिला उठू न देता स्वतः दार लावलं होतं आणि तो तिच्या खांद्यावर हात ठेवून झोपला होता.

"आज थांबवायला आला होतात."

"हो. किल्ली काढून घ्यायची असं ठरवूनच आले होते. चार वाक्यं पाठही केली होती." वन्संनी कप खाली ठेवला. "पण तू काच खाली घेतलीस. ऐकू येत नाही तरी घेतलीस. मग म्हटलं, काच उघडी आहेच, तर कुणीतरी ऐकावं."

वहिनीनं रुमाल काढला आणि उघडउघड डोळे पुसले. वन्संनी तिला पुसू दिले.

"पण एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "माझ्याशिवाय घाट नाही. मी आजारी असले तर गाडी थांबेल. गिऱ्हाईक बोंबललं तर बोंबलू दे, ते मी बघेन."

"तुम्हाला घाट लागतो ना."

"पिशवी घेईन."

बाहेर बस लागली. दोघी उठल्या. पायरी चढताना वन्संनी सवयीनं पुढची जागा पकडली, मग विचार बदलला आणि खिडकीची जागा वहिनीला दिली.

"त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?" वहिनीनं विचारलं.

"मंगळवारी पिवळी गाडी आहे ना," वन्संनी डोळे मिटून घेतले. "आत्ता सगळं संपवलं, तर तेव्हा काय बोलू?"