कोपऱ्यातला पिवळा ठिपका

मित्रांनो, मी शस्त्रक्रियेत डॉक्टरांना वाट दाखवणारा एक जुना संगणक आहे. हल्ली रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खाटांमागे पडून असतो.

रुग्णाच्या हाडाला खुणेची एक काठी घट्ट बसवत. तिच्यावर नजर ठेवून, डॉक्टरांचं हत्यार आत नेमकं कुठे पोचलं, ते मी पडद्यावर दाखवी. काठीला धक्का लागला, की माझं चित्र खोटं ठरे. तेव्हा कोपऱ्यात एक पिवळा ठिपका उमटे. चित्र मात्र तसंच चालू राही.

मला बनवणाऱ्या कंपनीतून बाहेर पाठवण्याआधी एक परीक्षक बाई आल्या. त्यांनी डॉक्टरांना प्लास्टिकच्या मणक्यांवर काम करायला लावलं, मुद्दाम काठी हलवली आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या. ठिपका जवळजवळ कोणालाच दिसला नाही. सगळ्यांची नजर हत्याराच्या टोकावर खिळलेली. ती तिथेच असायला हवी.

बाई कंपनीच्या साहेबांना म्हणाल्या, "काठी हलली की चित्रच बंद करा."

"सारखं बंद पडणारं यंत्र कोण घेईल?" साहेब म्हणाले. "डॉक्टर शिकलेले असतात. बघतील की."

ठिपका जरासा मोठा झाला, आणि माझी पाठवणी झाली.

इथे रुग्णालयात माझं फार कौतुक झालं. मणक्यांच्या डॉक्टरीणबाई तर मला लाडाने 'वाटाड्या' म्हणत. पदराआड जपावं तसं त्यांनी मला जपलं.

मग एका शिंपीणबाईंची शस्त्रक्रिया आली. ऐन वेळी कोणाचं तरी कोपर काठीला लागलं. मी ठिपका दाखवला. दुसरं काही मला शिकवलेलंच नव्हतं. डॉक्टरीणबाई चित्राकडे पाहत होत्या. मणक्यात बसवायचा स्क्रू भलतीकडे गेला, नस दुखावली. शिंपीणबाईंचा उजवा पाय पुन्हा कधी शिलाई मशीनवर चालला नाही.

चौकशी बसली. परीक्षक बाई आपणहून आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांनी एवढंच विचारलं, की ठिपका पडद्यावर होता की नव्हता. होता. निकाल लागला: माणसाची चूक.

डॉक्टरीणबाई माफी मागायला गेल्या, तेव्हा शिंपीणबाई म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? पण तेवढ्याने माझा पाय उचलत नाही हो." त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी हत्यार हातात धरलं नाही.

आता माझ्या जागी नवा संगणक आहे. काठी हलली की त्याचं चित्र आपोआप बंद होतं. त्याच्या जाहिरातीत साहेब हसताहेत. कल्पना त्यांचीच, असं खाली छापलंय.

मित्रांनो, कोणाचा हात चुकला, तर त्याला बोल लावण्याआधी एवढं विचारा: त्याच्या डोळ्यांसमोर काय ठेवलं होतं, आणि ते कोणी ठेवलं?