सुईदोरा नसलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, निळा, गोल बिस्किटांचा डबा आहे. माझ्या झाकणावर पवनचक्कीचे चित्र आहे आणि कडेला एक पोचा. माझी लोण्याची बिस्किटे एका नाताळात दोन दिवसांत फस्त झाली. पुढे माझ्यासारख्या डब्यांचे काय होते, ते अमेरिकेतल्या कोणत्याही घरात विचारा. सुया, दोरे आणि बटणे! माझ्या नशिबी मात्र पावत्या आल्या.

माझी मालकीण सार्जंट लोरेटा टिबेट्स. ती सैन्यात आहे. हुकूम आला की दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचे. बराचसा खर्च सैन्य देते. जो देत नाही, तो कर भरताना उत्पन्नातून वजा करता येतो, पण पावती हवी. म्हणून तिचा नवरा वेंडेल प्रत्येक पावती माझ्या पोटात टाकी. सामान बांधणारे यायचे असले की मला न्हाणीघरात ठेवून दारावर चिठ्ठी लावत, 'इथले काही बांधू नका.' कारण ती माणसे कचऱ्याची टोपलीसुद्धा कचऱ्यासकट बांधून मोकळी होतात! चार बदल्यांचा प्रवास मी असा लोरेटाच्या मांडीवर बसून केला. मला त्याचा थोडा गर्वच झाला होता.

पाचवी बदली हवाई बेटांवरून जॉर्जियाला झाली. त्यांचा बार्ली नावाचा वासराएवढा कुत्रा विमानाने धाडावा लागला आणि त्याचे भाडे सैन्य देत नव्हते. वेंडेल त्याला विमानतळावर पोचवून रडवेल्या चेहऱ्याने परतला, पावती माझ्यात टाकली आणि मला स्वयंपाकघराच्या ओट्यावरच विसरला. बांधणाऱ्याने मला उघडलेदेखील नाही. निळा डबा म्हणजे काय, हे त्याला आईच्या घरापासून ठाऊक होते. त्याने मला खोक्यात घातले आणि वर लिहिले, 'शिवणकाम'.

जॉर्जियात घरमालकीण बाईंनी अट घातली की कुंपण घाला, मग कुत्रा आणा. कुंपणाला पैसे नव्हते. बार्ली दोन तासांवरच्या एका ओळखीच्या शेतावर राहिला. शेतवाल्याने सांगितले होते, "एप्रिलअखेरपर्यंत सांभाळतो. मग दुसरं घर बघावं लागेल त्याला." करातून जे परत येईल, त्यातून कुंपण घालायचे ठरले.

सैन्याच्या तळावर कराचे फॉर्म फुकट भरून देणारे निवृत्त सैनिक प्रुइट काका म्हणाले, "सार्जंट, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण पावतीशिवाय मी आकडा लिहीत नाही." बार्लीला विमानाने आणणारी कंपनी तोवर बंद पडली होती, त्यामुळे पावतीची नक्कलही मिळेना.

मग शोधाशोध सुरू झाली. गॅरेजमधली खोकी एकेक फुटू लागली आणि माझी पाळी आली. माझा जीव झाकणाशी आला!

"शिवणकाम?" लोरेटा म्हणाली. "हे आपलं नसणार."

"तू कधी सुई धरलीस हातात?"

"तू धरलीस? मोजा फाटला की फेकतोस."

"तेच म्हणतोय! दुसऱ्या कुणाचं तरी आलंय चुकून. ठेव बाजूला, परत करू."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. मी तसाच अंधारात राहिलो. माझ्या पोटातल्या पावतीला बार्लीचा एक केस चिकटला होता. मला त्याची फार आठवण येई.

एप्रिल उजाडला. एका सकाळी लोरेटाला बढती मिळायची होती आणि ऐन वेळी गणवेशाचे बटण तुटून तिच्या हातात आले.

"वेंडेल! ते शिवणकामाचं खोकं आण!"

"अगं, ते दुसऱ्याचं आहे!"

"एक सुई घेतली तर आभाळ कोसळणार आहे का? आण म्हणते ना!"

खोके फाटले, झाकण उघडले. सुई नव्हती, दोरा नव्हता. लोरेटाने ती केस चिकटलेली पावती उचलली आणि कडक इस्त्रीच्या गणवेशात खुशाल जमिनीवर बसली. ती हसत होती की रडत होती, ते वेंडेललाही कळेना.

"अरे, बटणाचं काय?" तो म्हणाला.

"खड्ड्यात गेलं बटण!"

तिने बढती घेतली ती सेफ्टी पिन लावून. छाती फुगवायची तिची हिंमत झाली नाही.

प्रुइट काकांनी चष्मा लावून मला रिकामे केले. "कुत्र्याचं भाडं? चालतं की. पाळलेलं जनावर बिऱ्हाडातच धरतात. आणि हे काय, पॅनकेकची पावती?"

"बार्लीला सोडून येताना खाल्ले. फार वाईट वाटत होतं," वेंडेल पुटपुटला.

"पचले ना? मग विसरा. खाण्याची वजावट नाही."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पैसे आले. वेंडेलने दोन दिवस खपून स्वतःच्या हाताने कुंपण घातले. ते थोडे तिरके झाले आहे, पण घरमालकीण बाईंनी चालवून घेतले. बार्ली गाडीतून उतरला, अंगणाला सात फेऱ्या मारल्या आणि दोघांनाही आडवे केले. मग मला हुंगून त्याने माझे झाकण चाटले. एवढा आनंद मला बिस्किटे भरली तेव्हाही झाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या डब्यांना हलके समजू नका. कोणाच्या पोटात काय आहे ते उघडून पाहा आणि झाकणावर लिहून ठेवा. माझ्या झाकणावर आता वेंडेलच्या ठळक अक्षरात लिहिले आहे, 'पावत्या. बांधू नका.' त्याखाली लोरेटाने बारीक अक्षरात भर घातली आहे, 'आणि एक सुई.'