थुंकी लावून उलटलेलं पान

सुरू.

पडद्यावर सिंधुबाई होत्या. टॅबलेटवर गोष्टीचं पुस्तक उघडलेलं होतं. बाईंनी अंगठ्याला थुंकी लावली आणि पान उलटायला घेतलं. पान हललं नाही. पुन्हा थुंकी. मग चुलीत फुंकर मारावी तशी त्यांनी काचेवर फुंकर मारली.

हॉल हसला. आसपासच्या शाळांचे गुरुजी, मॅडम, सगळे महिन्याच्या शिक्षण परिषदेला जमलेले. केंद्रप्रमुख चुडामण सरांना तर ठसका लागला.

खऱ्या सिंधुबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

थांबवा. मागे.

शाळा नुकती उघडली होती. धानोऱ्याजवळच्या त्या शाळेत टॅबलेट आले ते थेट कपाटात गेले. फुटला तर भरून कोण देणार? मग शिक्षकांना हे सगळं शिकवायला एका संस्थेतून मॅडम आल्या, आणि ती निघाली रुचिका. पहिलीत बाईंनी जिचा हात धरून अक्षरं गिरवून घेतली, तीच.

"रुचे, तू? आते तू माले शिकाडशी?"

"पाढ्यांसाठी किती छड्या मारल्या होत्या, बाई! आता माझी पाळी."

रुचिकाचं म्हणणं सरळ होतं. पोरांना शिकवायचं तर आधी त्यांच्यासमोर चुकायचं. बाईंना येत नाही असं दिसलं की पोरं आपसूक पुढे होतात. बाईंना पटेना. आख्खी नोकरी फळ्यापुढे ताठ उभं राहण्यात गेली, आणि आता पोरांसमोर चुकायचं?

"इथे कोण आहे, बाई? तुम्ही, मी आणि चौथीची पोरं."

म्हणून बाई चुकल्या. खोटं खोटं नाही, खरोखर. मांडी घालून पोरांत बसल्या आणि म्हणाल्या, "माले काहीच येत नही, पोरेहो. तुम्हीच शिकाडा."

निशा पुढे सरकली. गेलं वर्षभर वर्गात चकार शब्द न काढलेली निशा. तिनं बाईंचा ओला अंगठा आपल्या फ्रॉकला पुसला आणि त्याच अंगठ्यानं पान सरकवून दाखवलं.

तेव्हापासून वर्गाला तोंड फुटलं. पोरं बकऱ्यांचे, पिठाच्या गिरणीचे, आजीच्या खोकल्याचे आवाज टिपून आणायची आणि त्यांना चित्रं जोडायची. अडलं की बिनधास्त ओरडायची, "बाई, येत नही!" बाई तिकडून ओरडायच्या, "माले बी नही! आन इकडे!"

रुचिकाचा मोबाईल त्या पहिल्या दिवशी माठाला टेकून उभा होता. ठेवला असेल पोरीनं, असं बाईंना वाटलं होतं.

पुढे.

आता निशा दिसेल म्हणून बाई सावरून बसल्या. निशाचा भाग कापून टाकला होता. थेट बाईंचं वाक्य आलं, खाली पिवळ्या ठळक अक्षरांत: मला काहीच येत नाही. मग ढोल. 'आमच्या प्रशिक्षणानंतर' अशी पाटी. मग सरसर बोट फिरवणाऱ्या बाई. टाळ्या.

मागच्या रांगेत कुणीतरी अंगठ्याला थुंकी लावून आपल्या डायरीचं पान उलटलं. रांगच्या रांग खिदळली.

थांबवा.

कुणी थांबवलं नाही.

व्हरांड्यात बाईंनी रुचिकाला गाठलं. "लोकेसले मन्हावर हसाडं तू."

"नाही हो बाई! शेवट बघा ना, टाळ्या किती पडल्या. वरच्या साहेबांना दाखवायला आधीचं आणि नंतरचं, दोन्ही लागतं."

"तूच म्हणे ना, इथं कोण शे?"

रुचिका मोबाईल चाळत राहिली. "ग्रुपवर टाकलाय, बाई. मी काढला तरी… लोकांनी पुढे पाठवलाय."

"पोरेसना घर गया व्हई?"

"गेला असेल."

पुढे.

पुढच्या महिन्यात रुचिका शाळेत आली. बाईंनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला.

"बसा, मॅडम."

रुचिका हसली. बाई हसल्या नाहीत.

"काही अडचण, बाई?"

"काही नाही. सगळं येतं."

"पोरांचे नवीन आवाज? ऐकवा ना."

"झाले आहेत. छान झाले आहेत." बाई चष्मा पुसत राहिल्या.

रुचिका वर्गाकडे वळली. "मुलांनो, कुणाला काय येत नाही? सांगा बरं मोठ्यानं!"

पोरांनी आधी बाईंकडे पाहिलं. निशाच्या मांडीवरच्या टॅबलेटवर गोष्ट केव्हाची अडकून पडली होती, मधोमध चाक नुसतं गरगरत होतं. तिनं टॅबलेट हळूच पालथा घातला आणि बाकीच्यांच्या सुरात सूर मिळवला.

"सगळं येतं, मॅडम."