फक्त यशोचा व्हिडिओ

माझी बायको मंदा आजारी पडली तेव्हापासून मी यशोधनच्या मॅचचे व्हिडिओ काढायला लागलो. तिला मैदानावर येता येत नव्हतं. पहिला व्हिडिओ मी क्रिकेटसारखा काढला, चेंडू जाईल तिकडे कॅमेरा. तो बघून ती म्हणाली, "चेंडू काय करायचाय मला? यशो दाखवा." मग मी झूम करून फक्त यशोलाच धरायला लागलो.

मे महिन्यात मंदा गेली. सप्टेंबरात नवा सीझन सुरू झाला आणि मी तसेच व्हिडिओ काढत राहिलो. मला दुसऱ्या तऱ्हेचे काढता येत नव्हते आणि शिकावंसंही वाटलं नाही.

खेळ अमेरिकन फुटबॉल. ऑकलंडमध्ये रग्बीपुढे त्याला कोणी विचारत नाही, पण आमच्या मुलाला तोच आवडला. त्याच्या टीममध्ये कॅलम नावाचा गोरा मुलगा क्वार्टरबॅक आहे, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी ओळीने उभे राहतात. समोरचे लोक कॅलमला पाडायला धावतात आणि चेंडू हातातून सुटेपर्यंत या पाचांनी त्यांना अडवायचं. यशो त्या ओळीत डावीकडे शेवटचा. अडवताना त्याची पाठ कॅलमकडे असते, त्यामुळे मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

या सीझनला कॅलम फार पडत होता. बहुतेक वेळा पाडणारा यशोच्या बाजूने आलेला असायचा.

एका मंगळवारी संध्याकाळी कोच सियोने आमच्या अल्बनीच्या घरी आला. मूळचा टोंगा बेटांवरचा, दाराएवढा माणूस; यशोला तो यश म्हणतो. मी खिचडी आणि कढी केली होती. त्याने दोनदा वाढून घेतली आणि मग टीव्हीवर माझे व्हिडिओ लावायला सांगितले. क्लबकडे दुसरे व्हिडिओ नव्हतेच.

"हा बघ तुझ्या बाहेरून गेला," सियोने यशोला म्हणाला. "इथेही गेला. आणि हा तर चहा पिऊन गेला."

"मी त्याला बाहेरच ढकलत होतो, कोच. तूच शिकवलंस."

"ढकल म्हणालो होतो. टाटा कर नव्हतो म्हणालो."

यशो ताटात बघत बसला. सियोनेने हात पुसले आणि शांतपणे सांगितलं की रविवारी त्याच्या जागी दुसऱ्याला खेळवावं लागेल. सेमीफायनल जवळ आलीय, कॅलमच्या बरगड्या किती सोसणार? यशो "ओके, कोच" एवढंच म्हणाला. आई गेल्यावर त्याने एकही प्रॅक्टिस चुकवली नव्हती. घरात फारसा बोलायचा नाही, पण मैदानावरून आला की भरपूर जेवायचा आणि झोपायचा. ते बंद झालं तर मी काय करणार होतो?

मी शेवटचा व्हिडिओ पुन्हा लावला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून. सियोने बघता बघता पुढे सरकला.

"यात कॅलम कुठे आहे?"

"चौकटीच्या बाहेर," मी म्हणालो.

"आणि आधीच्यात?"

"त्यातही बाहेरच."

तो हसायला लागला. "सुरेश, या खेळात बावीस माणसं असतात. तुझ्या मॅचमध्ये दीडच आहे."

मग त्याने कढीची वाटी टेबलाच्या मधोमध ठेवली. "हा कॅलम. तो ठरल्या जागी थांबला तर यशने बाहेर ढकललेला माणूस त्याच्या मागून निघून जातो. पण कॅलम मागे सरकला," त्याने वाटी सरकवली, "तर यशच त्या माणसाला कॅलमपाशी पोचवतो. मला कडेला उभं राहून ते नीट कळत नाही. रविवारी तू आमच्या मागे, गोलपोस्टपाशी उभा राहा. लांबून काढ. सगळे दिसू देत. हाफटाइमपर्यंत यश खेळेल. मग बघू."

रविवारी माउंट वेलिंग्टनच्या मैदानावर वारा होता. मॅच सुरू झाली आणि माझी बोटं आपोआप झूम करायला गेली. मी ती आवरली. सगळी ओळ पडद्यावर आली तेव्हा यशो नखाएवढा दिसत होता. हेल्मेटमुळे सगळे सारखेच. मंदाला हा व्हिडिओ आवडला नसता. पण बाकावर बसलेला यशो तिला त्याहून आवडला नसता.

हाफटाइमपर्यंत कॅलम दोनदा पडला, दोन्ही वेळा यशोच्या बाजूने. हाफटाइमला माझ्या फोनवर तीन डोकी वाकली. आधी कॅलमच बोलला.

"हा मी आहे? इतका मागे?"

"अजून थोडा आला असतास तर फोन तुझ्याकडेच दिला असता," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. कॅलमने तो तुकडा पुन्हा बघितला. "अंकल, मला वाटतं मी जागेवरच उभा आहे. बरगडीवर मार बसल्यापासून पाय आपोआप मागे जातात बहुतेक."

"ब्रो, मला सांगायचं ना," यशो म्हणाला.

"मलाच आत्ता कळतंय."

सियोनेने कॅलमच्या हेल्मेटवर थापटलं. "त्या माणसाची चाहूल लागली की मागे जाऊ नको. पुढे ये, यशच्या पाठीजवळ. या मैदानावर तुला त्याहून चांगली जागा नाही. यश, तू करतोयस तेच कर."

दुसऱ्या हाफमध्येही समोरचा गडी यशोच्या बाहेरून तसाच धावला. यशोने त्याला तसंच ढकलत नेलं. कॅलम एकदा मागे सरकला, थबकला आणि पुढे आला. तो गडी त्याच्या मागून गेला आणि मोकळ्या गवतावर आपटला. चेंडू लांब गेला, कोणी झेलला ते मी बघितलं नाही. बाकावरचे ओरडले तेव्हा कळलं. यशोला तेही उशिरा कळलं असणार. तो वळून कॅलमकडे बघत होता.

मॅच आम्ही थोडक्यात हरलो, तरी सेमीफायनलमधली जागा आधीच पक्की होती. कॅलम नंतर एकदा पडला, पण उजवीकडून, आणि त्यावरून परत येताना गाडीत यशोने त्याला छळून छळून खाल्लं.

"ती माझी बाजू नाही हं. तिकडे कम्प्लेंट कर."

"तुझी पाठ केवढी मोठी आहे यार, पुढे आलो तर मला काही दिसतच नाही."

"मग खिचडी कमी करायला सांग बाबांना."

गाडीतच सियोनेचा मेसेज आला. यशोने वाचून दाखवला: सेमीफायनलला डावीकडे यश. आणि सुरेशला सांग, शिडी घेऊन ये, अजून उंचावरून काढायचाय.

मी म्हटलं, शिडी गॅरेजमध्ये आहे, आणतो.