नाववालीसाठी प्रार्थना

घुमीच्या कादंबरीतली नाववाली शुक्रवारी मरणार होती. तारीख प्रकाशकबाईंनी दिली होती, मरण घुमीने ठरवलं होतं. बावीस प्रकरणं लिहून झाली होती. तेविसाव्यात छातीत कफ भरलेली ही म्हातारी नदीकाठच्या खोलीत एकटीच डोळे मिटणार आणि सहा वर्षं न बोललेली तिची मुलगी तासाभराने पोचणार, असा बेत होता. बेत इतका सुंदर होता की नुसत्या विचाराने घुमीला भरून यायचं. अडचण एवढीच, की दोन आठवडे त्यातली एक ओळ कागदावर उतरत नव्हती.

घुमी पंचवीस वर्षांची. लहानपणी पाहुण्यांसमोर तोंड उघडायची नाही, म्हणून हे नाव पडलं आणि पुढे चिकटलं ते चिकटलंच. सकाळी साडेपाच ते आठ ती इस्त्रीच्या टेबलावर लिहायची आणि नऊ ते सहा चष्म्याच्या दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी उभी राहायची. नाववाली तिला तिथेच भेटली होती. सुतळीने बांधलेला चष्मा घेऊन एक म्हातारी आली होती. "लांबचं लख्ख दिसतं गं. जवळचं दिसत नाही. पण जवळ आहे कोण बघायला?" एवढं बोलून, फ्रेमची किंमत ऐकून, ती निघून गेली होती. घुमीने तिला नाव दिली, नदी दिली, एक हट्टी मुलगी दिली आणि शेवटी कफ दिला.

घुमीची एक सवय होती. रोज लिहायला बसण्याआधी ती कादंबरीतल्या माणसांसाठी प्रार्थना करायची. ज्यांना आपण पानोपानी इतका छळ देतो, त्यांच्यासाठी निदान देवाकडे शब्द टाकावा, असं तिला वाटायचं. आईने लहानपणी शिकवलं होतं तसं ती चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी बायबलमध्ये ठेवायची. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती.

त्या रविवारी बायबलमध्ये दोन चिठ्ठ्या होत्या. एक बाबांच्या दाढेसाठी, जी सोमवारी काढायची होती. दुसरी नाववालीसाठी. चर्चमध्ये प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पिशवी बाकांवरून फिरत आली, तेव्हा घुमी तेविसाव्या प्रकरणात होती. हाताला लागली ती चिठ्ठी तिने पिशवीत टाकली.

पाळकांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "नदीकाठी एकट्या राहणाऱ्या नाववाल्या भगिनीसाठी. छातीत कफ भरला आहे, तीन दिवस अंथरुणात आहे. मुलगी सहा वर्षं बोलत नाही. प्रभू, हिला न्यायचं की ठेवायचं, ते मला शुक्रवारच्या आत सांग."

मंडळीत एक लांब सुस्कारा उमटला. अशी रोखठोक प्रार्थना त्या इमारतीत बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि पाळकांनी पूर्ण चार मिनिटं नाववालीसाठी प्रार्थना केली. घुमीचे कान तापले. बाबा शेजारून गाल धरून कुजबुजले, "माझी दाढ राहिली वाटतं."

नोटीस बोर्डावर दर आठवड्याला घुमीच लिहायची. त्यामुळे अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. उपासना सुटताच तीन जणांनी तिला दारातच गाठलं.

पहिल्या सिस्टर. चाळीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून ड्युटीवर. "कफ कोणत्या रंगाचा आहे?"

"पिवळट. सकाळी हिरवा," घुमी म्हणाली. तिला ठाऊक होतं. सतराव्या प्रकरणात तिने ते लिहिलं होतं.

"आणि रात्री पाणी कोण देतं तिला?"

हे तिने लिहिलं नव्हतं. इतकंच काय, तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

मग लोकरकाकू. या बाई बोलायच्या कमी आणि विणायच्या फार. मंडळीतल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर त्यांची टोपी होती. त्यांनी विचारलं, "शाल कोणत्या रंगाची चालेल?"

"ती म्हणेल, मला काही नको. पण निळी दिली तर ठेवून घेईल."

लोकरकाकूंनी समजूतदारपणे मान हलवली. अशी माणसं त्यांच्या परिचयाची होती.

शेवटी सुतारकाकांनी तिला खांबाआड नेलं. शवपेट्या करण्याचा धंदा असल्यामुळे ते सगळ्यांशी हळू बोलत. "वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. पण शुक्रवार म्हणजे माझ्याकडे दिवस कमी आहेत. उंची किती?"

"पाच फूट दोन इंच," घुमीच्या तोंडून निघून गेलं.

"खांदे?"

"रुंद. वल्ही मारून मारून."

सुतारकाकांनी कानामागची पेन्सिल काढून तळहातावर नोंद केली.

घुमी घरी आली ती तरंगतच. आपण मोठा घोटाळा करून ठेवलाय हे तिला कळत होतं, उद्या तो निस्तरावा लागेल हेही कळत होतं. पण आतून तिला गुदगुल्या होत होत्या. तिच्या नाववालीची उंची कुणीतरी लिहून घेतली होती. दोन वर्षं जी बाई फक्त तिच्या डोक्यात राहत होती, तिच्या कफाचा रंग आता एका सिस्टरला माहीत होता. दाराला किल्ली उलटी लावत ती एकटीच हसली.

"दाढ माझी ठणकतेय आणि हसतेयस तू," मागून बाबा म्हणाले.

"बाबा, सॉरी. तुमच्यासाठी मी आत्ता करते प्रार्थना."

"आता कर किंवा नको. त्या नाववालीनंतर माझा नंबर कसला लागतोय."

सोमवारी दाढ निघाली. त्याच दिवशी सिस्टर दुकानात आल्या, अक्षरांचा तक्ता न बघताच खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी रात्रभर विचार करतेय. ती नाव चालवते ना? रोज किती माणसं पलीकडे नेते?"

"वीस-पंचवीस."

"आणि तीन दिवस नाव बंद आहे."

"हो."

"मग एकाही माणसाने जाऊन तिचं दार ठोठावलं नाही? कसल्या जागी राहते ही? मला पत्ता दे. बुधवारी प्रार्थनासभेनंतर आम्ही सगळ्या जाणार आहोत. गाडी ठरवलीय."

घुमीच्या हातातून फ्रेम पडली. गाडीचं ऐकून नव्हे. तीन दिवस नाव बंद, आणि एकाही माणसाने दार ठोठावलं नाही. बावीस प्रकरणं जी माणसं त्या नावेत बसून भांडली, हसली, कोंबड्या घेऊन पलीकडे गेली, त्यांना तिने तेविसाव्यात सरळ पुसून टाकलं होतं, का, तर म्हातारीला सुंदर मरता यावं म्हणून. ओळ उतरत नव्हती, कारण ती ओळच खोटी होती.

"काय झालं गं?" सिस्टर म्हणाल्या.

"काही नाही. तुमचं बरोबर आहे. पत्ता बुधवारी देते."

मंगळवारी दुकानात जाण्याआधी ती पाळकांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. पाळकांनी पेपरवेट बाजूला सरकवला.

"मी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तिच्यासाठी प्रार्थना करतोय," ते म्हणाले. "काल गुडघे दुखत असताना केली."

"मला माफ करा."

"मला नको सांगूस. उद्या सभेत उभी राहा आणि साक्ष दे."

साक्ष म्हणजे मंडळीसमोर उभं राहून आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते बोलायचं. घुमीने जन्मात कधी दिली नव्हती. पाहुण्यांसमोर न बोलणारीला चाळीस माणसांसमोर बोलायचं होतं.

बुधवारी सात वाजता चर्चच्या दाराशी गाडी उभी होती. लोकरकाकूंच्या मांडीवर निळी शाल होती, तीन बोटं विणायची बाकी. घुमी उठली, बाकाची पाठ धरली आणि एका दमात म्हणाली, "ती नाववाली माझ्या कादंबरीतली आहे. ती खरी नाही. म्हणजे मला खरी वाटते. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते. चिठ्ठी चुकून टाकली. चूक लगेच सांगायला हवी होती, सांगितली नाही, कारण तुम्ही तिच्याबद्दल विचारत होता ते मला फार आवडत होतं."

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवून बघितला.

सिस्टरांचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे ती कुठे राहतच नाही?"

"माझ्या वहीत राहते."

सिस्टरांनी पर्स उघडली, बंद केली. मग करड्या आवाजात विचारलं, "वहीत आता ताप किती आहे?"

कुणीतरी फसकन हसलं, आणि मग कुणालाच आवरेना. सुतारकाका म्हणाले, "मी फळ्या कापल्यात. त्यांचं काय करू?"

"तुम्ही आधी तिला मरू तर द्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"मरू द्यावंच लागेल. पुस्तक खरं असलं पाहिजे. आपण प्रार्थना केली आणि माणूस वाचलाच, असं नेहमी होत असतं तर माझं दुकान चाललं असतं का?"

"माझ्या वॉर्डातून याहून वाईट कफवाल्या चालत घरी गेल्यात," सिस्टर म्हणाल्या. "वेळेवर कुणी हाक ऐकली तर."

हसल्या नव्हत्या त्या एकट्या लोकरकाकू. त्यांनी सुया शालीत खुपसल्या. "मी तीन दिवस जेवताना तिचा विचार करत होते," त्या घुमीकडे न बघता म्हणाल्या. "मला कसं वाटलं असेल, ते लिहिणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं."

"हो काकू," घुमी म्हणाली. काकूंनी परत सुया उचलल्या.

गुरुवारी घुमीने दुकानातून सुट्टी घेतली आणि साडेपाचला इस्त्रीच्या टेबलावर बसली. पहिल्याच ओळीत दार वाजलं. दारात कोंबडीवाला होता, नाव का बंद म्हणून भांडायला आलेला. त्याच्या मागून शाळामास्तर आला, मग आणखी तिघं, मग दोघी जावा आल्या, आणि कुणी काय द्यावं यावरून त्यांची म्हातारीच्या उशाशीच जुंपली. म्हातारी अंथरुणातून ओरडली की मरायलासुद्धा निवांतपणा नाही. घुमी मोठ्याने हसत लिहीत होती. बाबांनी दोनदा डोकावून बघितलं आणि चहा ठेवून निघून गेले. मुलगी आली नाही. घुमीने तिला आणायचा तीनदा प्रयत्न केला, पण ती हट्टी होती, तशी तिनेच तिला केली होती. म्हातारीला मात्र नेता येईना. खोलीत इतकी माणसं होती की मरणाला आत शिरायला वाट नव्हती.

शुक्रवारी अकरा वाजता प्रकरण गेलं. साडेतीनला, घुमी एका गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवत असताना, प्रकाशकबाईंचा फोन आला.

"तुम्ही तर म्हणाला होतात, ती मरते."

"हो. पण जमलं नाही. फार लोक आले."

"तेच विचारतेय. सात माणसं? एवढ्याशा खोलीत? दोन काढता येतील का?"

"नाही येणार," घुमी म्हणाली, आणि आपला आवाज इतका ठाम कसा निघाला याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "मावतात सगळी. कोंबडीवाला उंबरठ्यावर उभा आहे."

"आणि कोंबड्या?"

"त्या बाहेर. थांबा हं, एका मिनिटात फोन करते, माझ्यासमोर एक आजोबा अर्धा चष्मा लावून बसलेत."