अहो म्हटल्यावर कोण येतं

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या भडकमकरांकडे कुत्रा आला, तेव्हा त्याचं नाव एस्प्रेसो होतं. नाव त्यांच्या मुलीने, वल्लरीने ठेवलेलं. पुढे तिची बंगळुरूला बदली झाली आणि कुत्रा आईवडिलांकडे कोथरूडला राहिला. श्यामसुंदर भडकमकर त्याला 'एक्स्प्रेस' म्हणत. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला प्राण्याला कॉफीच्या नावाने हाक मारणं जमेना. हेमाताई 'एसपी' म्हणत आणि पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोलीस अधिकारी दर वेळी गॅलरीत येत. कुत्रा मात्र तिन्हींपैकी कशालाही येत नसे.

आठ महिन्यांत तो दोनदा गेटबाहेर पळाला. दुसऱ्यांदा बसखाली येता येता वाचला. वल्लरीने फोनवर निकाल दिला.

"पंधरा दिवसांनी येतेय. समोरच्या मैदानावर पट्टा सोडून हाका मारायच्या. दहापैकी दहा वेळा आला तर राहू दे. नाहीतर वारज्याच्या पुढे माझ्या मैत्रिणीचं, शेफालीचं शेत आहे, तिथे ठेवू. मोकळा राहील."

"बरं," हेमाताई म्हणाल्या. फोन ठेवला आणि कुत्र्याचा भात गरम करायला घेतला. तो गरमच होता.

मग वारज्याहून निकिता आली. ही कुत्र्यांना शिकवते, माणसांशी कमी बोलते. तिने श्यामसुंदरांना एक वही दिली. "काका, रोज वीस हाका मारायच्या. किती वेळा आला ते लिहायचं."

श्यामसुंदरांनी पट्टीने रकाने आखले. हाका वीस, आला तीन. हाका वीस, आला दोन. शेऱ्याच्या रकान्यात: 'दुसऱ्या वेळी माझ्याकडे नव्हे, कबुतराकडे आला.'

आठव्या दिवशी निकिता दिवाणखान्यात वही वाचत बसली होती. कुत्रा गॅलरीत झोपला होता, श्यामसुंदर वर्तमानपत्रामागे होते. स्वयंपाकघरातून हेमाताईंची हाक आली, "अहो, चहा झालाय!"

वर्तमानपत्र हललं नाही. कुत्रा निकिताच्या पायांवरून उडी मारून आत गेला आणि हेमाताईंपुढे शिस्तीत बसला. त्यांनी त्याला अर्धा टोस्ट दिला.

"काकू, हे रोजचंच आहे का?"

"काय?"

"तुम्ही अहो म्हणता आणि हा येतो."

"कोणीतरी यायला नको का?"

निकिताने कुत्र्याला पुन्हा गॅलरीत नेऊन सोडलं. "आता परत म्हणा."

"अहो!"

कुत्रा हजर. सात वेळा करून पाहिलं, सातही वेळा हजर. निकिताने वही मिटली. "आठ महिने, दिवसाला वीस-पंचवीस वेळा, आणि दर वेळी टोस्ट. याहून चोख मलाही शिकवता आलं नसतं. काकू, याचं नाव अहो आहे."

आता वर्तमानपत्र खाली आलं. "ते माझं आहे," श्यामसुंदर म्हणाले.

"किती वर्षं?"

"एक्केचाळीस."

"आणि येता किती वेळा?"

श्यामसुंदरांनी उत्तरासाठी हेमाताईंकडे पाहिलं. हेमाताईंनी वही उलटी केली, मागच्या पानावर तसेच रकाने आखले आणि त्या दिवसापुरती मोजदाद ठेवली. रात्री लिहिलं: हाका बावीस, आले एक. शेरा: 'जेवायला.'

निकिताचा हिशेब साधा होता. एका शब्दावर दोघं चालत नाहीत. सात दिवसांत कुत्र्याला नवीन शब्द पक्का होणार नाही. तेव्हा अहो कुत्र्याला द्यायचा आणि काकांसाठी दुसरं काहीतरी बघायचं.

"दुसरं म्हणजे काय?" हेमाताईंनी विचारलं.

"त्यांना नाव असेल ना काकू?"

नाव होतं. हेमाताईंनी ते लग्नात घेतलं होतं, बारशाला घेतलं होतं, हळदीकुंकवाला तर कित्येकदा. पण दर वेळी उखाण्यात. आधी दोन ओळी आणि त्यांना यमक असल्याशिवाय ते त्यांच्या तोंडून निघतच नसे. आणि स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात हाक मारायला रोज नवीन यमक कुठून आणणार?

मागच्या पानावर नवा रकाना पडला: नावाने हाका. सोमवारी शून्य. मंगळवारी शून्य. गुरुवारी 'श्या'पर्यंत आल्या. श्यामसुंदरांनी आतून विचारलं, "काय, दूध नासलं?"

रविवारी वल्लरी आली. रस्त्यापलीकडच्या मैदानावर निकिताने पट्टा सोडला, कुत्र्याला लांब जाऊ दिलं आणि हेमाताईंना खूण केली.

"अहो!"

फिरायला आलेल्या चार नवऱ्यांनी माना वळवल्या. आला फक्त कुत्रा. असं दहा वेळा झालं. दहाव्या वेळी तर मधे मांजर होतं.

"आई, हे त्याचं नाव नाहीये," वल्लरी म्हणाली.

"येतोय ना पण?"

"मग बाबांना काय म्हणणार तू?"

हेमाताई मांजराकडे बघत राहिल्या.

"हेच सांगतेय मी. उद्या घाईत काही झालं, तू अहो म्हणालीस, तर दोघांपैकी कोण हलणार? दहा झाले, मान्य. पण मला विचार करू दे."

निकिता मैदानावरच राहिली. मायलेकी रस्ता ओलांडून गेटपाशी आल्या. श्यामसुंदर कुत्र्याला घेऊन मागून येत होते. वाटेत खांबावर गुरुवारच्या पाणीकपातीची सूचना चिकटवलेली होती. पाटबंधारे खात्याचा माणूस, थांबला. चष्मा बदलायला दोन हात लागतात, म्हणून पट्टा काखेत धरला. पट्टा घसरला, आणि कुत्रा फुटपाथच्या कडेला येऊन पलीकडे हेमाताईंना बघत उभा राहिला.

उजवीकडून बस येत होती.

"एस्प्रेसो, थांब! स्टे!" वल्लरी ओरडली. कुत्र्याला ते आपल्यासाठी आहे असं वाटलं नाही.

हेमाताईंच्या तोंडात 'अ' तयार होता. याच अक्षराला तो आत्ता दहापैकी दहा वेळा आला होता. अकराव्यांदाही आला असता, सरळ बससमोरून. त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"श्यामसुंदर! पट्टा!"

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला. श्यामसुंदरांनी आयुष्यात पहिल्यांदा सूचना अर्धवट सोडली, खाली बघितलं आणि पट्ट्यावर पाय दिला. बस गेली. कुत्र्याने बसकडे बघून शेपूट हलवलं.

श्यामसुंदर त्याला घेऊन रस्ता ओलांडून आले. पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला होता.

"नाव घेतलंस?"

"घेतलं."

"उखाण्याशिवाय?"

"बस जवळ आली होती."

वल्लरी दोघांकडे बघत होती. मग तिने खिशातून फोन काढला आणि गेटपाशीच उभं राहून शेफालीला नको म्हणून कळवलं. सोमवारी ती स्वारगेटहून बंगळुरूला गेली, कुत्रा इथेच राहिला.

रविवारी रात्रीच हेमाताईंनी वहीचं मागचं पान उघडलं होतं. नावाने हाका एक, आले एक. शेऱ्याचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला होता. सकाळी त्यात श्यामसुंदरांच्या अक्षरात एक ओळ होती: 'टोस्ट मिळाला नाही.'